आधी त्या माणसाला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर एक चौकट होती. दारू, मावा, गांजा, एमडी (म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ) यांपासून कायमची मुक्ती, तपासणी मोफत, आणि खाली ठळक अक्षरांत: 'रुग्ण तयार नसल्यास घरून घेऊन जाण्याची सोय.' संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण हा एका संस्थेचा प्रश्न नाही. अशी जाहिरात मी आपल्याच नव्हे, शहरातल्या बहुतेक पेपरांत आणि रिक्षांच्या मागे वाचली आहे. पण त्या एका ओळीवर माझी नजर अडकली ती सुटेना. तपासणी व्हायची आहे, माणसाला अजून कुणी पाहिलेलं नाही, आणि तरी तो 'रुग्ण' झाला, तो 'तयार नाही' हेही ठरलं, आणि गाडी निघाली.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. घरात तेलुगू, शाळा मराठी. वडील लूमवर कामाला होते आणि पीत होते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून गेली बावीस वर्षं मी व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. पहिली काही वर्षं एका केंद्रात नोकरी केली, आता स्वतंत्र काम करते. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि त्याच कारणाने माझं नाव फक्त आपल्याकडे दिलं आहे.

समुपदेशनाची सुरुवात ज्या पहिल्या भेटीने होते तिला आम्ही असेसमेंट म्हणतो. येणारी माणसं 'चौकशी' म्हणतात. 'मॅडम, चौकशीला आलोय.' मला त्यांचा शब्द जास्त खरा वाटतो, कारण त्यात पोलीस ठाण्याची भीती आहे. त्या एका तासात काय ठरतं बघा. माणूस पितो की नाही, किती पितो, त्याला व्यसन आहे की नुसती धोक्याची सवय, दाखल करायची गरज आहे की घरी राहून जमेल, डॉक्टर आजच पाहिजे की पुढच्या आठवड्यात चालेल, आणि दारूच्या आड उदासपणा, जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार किंवा वेगळाच आजार लपला आहे का. एवढं सगळं ज्या कागदावर उतरतं तो कागद पुढे त्या माणसाच्या मागे फिरतो. घरात, कामावर, कोर्टात, सोयरिकीत.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची 10 प्रश्नांची यादी आम्ही वापरतो. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण, एकूण 40. 8 किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याचं, 20 किंवा त्याहून जास्त आले तर व्यसन जडलं असावं असा संशय धरायचा. संशय म्हणते आहे, निकाल नव्हे. यादी सोपी दिसते, म्हणून कुणीही भरतं. पण आमच्या गावात ती भरताना किती ठिकाणी पाय घसरतो! 'दारू पिता का?' असं विचारलं तर शिंदी पिणारा मनापासून 'नाही' म्हणतो. त्याच्या लेखी शिंदी ही दारू नाहीच. 'किती पिता?' तर 'एक क्वार्टर'. ती 180 मिलीची बाटली म्हणजे यादीच्या हिशेबाने सहा पेगांच्या आसपास. तो 'एक' म्हणतो, कागदावर सहा लिहायला हवेत. आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून विकतात त्या हातभट्टीच्या फुग्याचं काय? त्याच्यावर ना लेबल ना टक्केवारी. तिथे आकडा टाकण्याआधी दहा वेगळे प्रश्न विचारावे लागतात. सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या 'ऑपरेशन परिवर्तन'मुळे भट्ट्या पेटवणाऱ्या काही घरांना दुसरा धंदा मिळाला, हे फार मोठं काम झालं. पण फुगा अजून संपलेला नाही, हे माझ्यासमोर बसणारी माणसंच मला सांगतात.

या कामात अज्ञान जीव घेऊ शकतं, म्हणून एक प्रसंग सांगते. आषाढीच्या आधी एका चाळिशीच्या गृहस्थांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली. रोज दीड क्वार्टर पिणारा माणूस, त्या दिवसापासून थेंब नाही. घरात आनंद. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली, अंगावरून ते मुंग्या झटकत होते, मुलाला ओळखेनात. घरच्यांनी बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेलं. तिथून माझ्याकडे आणलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं. मी खुर्चीतही बसवलं नाही, सरळ रिक्षात घालून सिव्हिलला पाठवलं, म्हणून ते वाचले. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास असा भ्रम होऊ शकतो. त्यात माणूस दगावतो. म्हणून माझा पहिला प्रश्न 'का पिता?' हा नसतो. 'शेवटचा घोट कधी घेतलात?' हा असतो. श्रावण लागला की हा प्रश्न मी जास्तच सावधपणे विचारते.

आता माझी चूक सांगते. पत्र लिहायला बसले ती खरं तर याच्यासाठी.

2013 सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी तेव्हा केंद्रात नोकरीला होते. अक्कलकोट तालुक्यातून एक शेतकरी आले, पंचेचाळिशीचे, सोबत थोरला भाऊ. शेतकऱ्याला कन्नडच येत होतं, मला तेव्हा कन्नड येत नव्हतं. भाऊ मराठी छान बोलत होता. मी प्रश्न मराठीत विचारायची, भाऊ कन्नडमध्ये सांगायचा, उत्तर परत मराठीत यायचं. समोरच्या माणसाचे हात थरथरत होते. तळवे ओले. गालफडं बसलेली. भाऊ म्हणाला, 'झोप नाही, सारखी चिडचिड, वजन उतरलंय.' मी विचारलं, 'रोज पितात का?' शेतकरी बराच वेळ बोलला. हात पुढे करून दाखवले, टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं, पुन्हा बोलला. भाऊ म्हणाला, 'हो, रोज.'

एवढ्या लांब उत्तराचं एवढं आखूड भाषांतर कसं, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तो गिळला. बाहेर आणखी चार जण बसले होते. मी कागदावर लिहिलं, 'दारूचं व्यसन, दारू सोडताना होणारी लक्षणं दिसत आहेत, दाखल करावे.' संमतीच्या जागी अंगठा घेतला. कशावर अंगठा देतो आहोत हे त्यांना कुणी समजावलं, तर भावाने. डॉक्टरांनी माझा कागद वाचून औषधं चालू केली. भावाने महिन्याचे पैसे भरले आणि तो गेला.

केंद्राच्या स्वयंपाकघरात कर्नाटकातल्या आळंदकडच्या एक मावशी होत्या. बाराव्या दिवशी भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या, 'बाई, तो माणूस दारुडा नाही. मी रोज बोलते त्याच्याशी. तो म्हणतो, वर्षभर हात असेच हलतात, तांब्या धरवत नाही. भाऊ म्हणाला मोठ्या डॉक्टरला हात दाखवू, म्हणून गाडीत बसलो. जत्रेला कधीतरी घेतो म्हणतो, बाकी नाही.'

तांब्या! माझ्यासमोर त्या माणसाने हेच सांगितलं होतं. बोट दाखवून सांगितलं होतं.

त्याच दुपारी मावशींना शेजारी बसवून मी ते 10 प्रश्न पुन्हा विचारले. 40 पैकी 3 गुण आले. सिव्हिलमध्ये रक्त तपासलं तर थायरॉईड फार वाढलेलं. हाताची थरथर, घाम, छातीत धडधड, वजन उतरणं, झोप उडणं, सगळं त्याने होतं, आणि दारू सोडतानाही हेच होतं. म्हणूनच तर तपासायचं असतं. बारा दिवस तो माणूस नको त्या औषधांवर, कुलपाच्या आत, ज्यांची भाषा येत नाही अशा लोकांत राहिला, आणि त्या कुलपाची किल्ली माझ्या सहीने फिरली होती.

भावाच्या मनात काय होतं ते मला आजही माहीत नाही. शेतीची वाटणी व्हायची होती, असं नंतर कानावर आलं. कदाचित त्याला खरंच दारूचा संशय असेल. मला त्याच्यावर खटला भरायचा नाही. त्याने सांगितलं ते मी न तपासता लिहिलं, एवढंच माझ्या हातातलं होतं आणि तेच चुकलं. गावात तोवर 'दारू सोडवायला ठेवलाय' अशी बातमी पोचली होती. त्यांच्या मुलीसाठी एक स्थळ बघून गेलं होतं, ते परत आलं नाही. हे मावशींनी सांगितलं. मी त्या माणसाची माफी मागितली, मावशींनी ती कन्नडमध्ये सांगितली. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलली.

पुढच्या वर्षभरात मी मावशींकडून कन्नड शिकले, कामापुरतं का होईना. आता कन्नड माणूस समोर बसला की मी 'हेळ्री' म्हणते आणि गप्प राहते. तेलुगू असेल तर 'चेप्पंडि'. तो थांबेपर्यंत पेन उचलत नाही. उर्दूवाल्यांना माझं दखनी कळतं. ज्या गावात एका बोळात चार भाषा बोलतात, तिथे नातेवाइकालाच दुभाषी करून एखाद्याच्या माथी व्यसन मारणं हा गुन्हाच आहे, असं माझं मत आहे. भाषा येत नसेल तर तिऱ्हाईत माणूस शोधावा, एक दिवस उशीर झाला तरी चालेल.

नातेवाइकांचं ऐकूच नये, असं मी म्हणत नाही. विड्या वळून घर चालवणारी बाई नवऱ्याबद्दल सांगते तेव्हा तिच्याइतकं खरं कुणी बोलत नाही. हजार विड्यांच्या मजुरीतले पैसे डब्यातून कधी आणि किती गेले हे तिला तारखेसह पाठ असतं. माझी आईही तशीच होती. पण मी तिला वेगळं भेटते, त्याला वेगळं भेटते. तिचं त्याला सांगत नाही, कारण संध्याकाळी मार तिला बसतो. आणि पहिल्याच भेटीत, पहिला प्रश्न विचारण्याआधी, समोरच्याला सांगून टाकते: तुम्ही बोलाल ते या खोलीत राहील, मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प राहणार नाही. हे आधी सांगितल्याने लोक बोलायचे थांबतात, असा एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. मर्यादा कळली की माणूस मोकळा होतो.

कामावरच्या लोकांचं वेगळंच. काही वर्षांपूर्वी टॉवेलच्या एका कारखान्याचे मालक महिन्याला तीन-चार कामगार माझ्याकडे पाठवायचे, फी तेच द्यायचे. एकदा फोन आला, 'मॅडम, अमक्याचा रिपोर्ट द्या लेखी. व्यसनी आहे म्हणून लिहा, म्हणजे मला त्याला काढता येईल.' मी म्हटलं, त्याची लेखी परवानगी आणा. ते म्हणाले, 'पैसे मी देतो ना?' पैसे देणारा वेगळा आणि माणूस वेगळा, हे त्यांना पटलं नाही. त्यानंतर त्यांच्याकडून कुणी आलं नाही. जकार्डच्या मागावर नशेत हात घालणारा कामगार स्वतःचा आणि शेजारच्याचा जीव धोक्यात घालतो, हे मला मान्य आहे. लूमच्या आवाजातच मी मोठी झाले. पण त्यासाठी त्याला कामावरून त्या पाळीपुरतं बाजूला करता येतं. त्याने विश्वासाने सांगितलेलं त्याच्याच पोटावर मारायला वापरायचं, हे माझ्या पेशात बसत नाही.

कमिशनबद्दल थोडक्यात लिहिते. एका केंद्राचा माणूस दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन आला होता. दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटमागे 3,000 रुपये. मी डबाही परत दिला. तपासणाऱ्याला दाखल करण्याचे पैसे मिळत असतील तर त्याला प्रत्येक थरथरत्या हातात दारूच दिसणार. 'मोफत तपासणी' मोफत का आहे, हे वाचकांनी स्वतःला विचारावं.

कायदा काय म्हणतो तेही लिहिते, कारण केंद्र चालवणाऱ्यांपैकीही पुष्कळांनी तो वाचलेला नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच येतात. माणूस स्वतःहून दाखल होणार असेल तर कलम 86, म्हणजे त्याची संमती आणि डिस्चार्ज मागण्याचा त्याचा हक्क. मनाविरुद्ध दाखल करायची वेळ आली तर कलम 89. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्या माणसाच्या वतीने बोलणाऱ्या कायद्याने मान्य व्यक्तीचा, अर्ज लागतो, आणि दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत त्या माणसाला तपासलेलं असावं लागतं. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असणं, किंवा स्वतःची काळजी घेता येत नसल्याने इजेचा धोका असणं, अशी कारणं दिसावी लागतात. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. कलम 23 गुप्ततेचं. यात 'घरून गाडीत घालून आणावे' असं कुठेही लिहिलेलं नाही. चार पोरं रात्री येऊन माणसाला उचलून नेतात, हे मी स्वतःच्या गल्लीत पाहिलं आहे. त्या माणसाची आई पायरीवर बसून रडत होती, तिनेच फोन केला होता.

तिची चूक आहे असं मी कशी म्हणू? तिच्यापुढे दुसरा पर्याय कुणी ठेवलाच नव्हता. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करता येतो, 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे दोन नंबर त्या चौकटीच्या शेजारी आपण रोज छापू शकाल का? माझी पहिली विनंती ही.

'मुळात उपचाराला येतात किती? त्यात नियमांचं ओझं कशाला?' असं मला सहकारीही विचारतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं आढळलं. आकडा खरा आहे आणि भयंकर आहे. पण उरलेले 37 का येत नाहीत, हे त्यांच्या गल्लीत जाऊन विचारा. त्यांनी त्या एकाला गाडीत घालताना पाहिलेलं असतं. आता तर कोवळी पोरं एमडीकडे वळत आहेत. 2023 मध्ये चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोनचा कारखाना पकडला गेला तेव्हा सगळं शहर हादरलं होतं. ही पोरं आईबापाच्या आधी मित्राला विचारतात, 'तिथे गेलं की काय करतात?' मित्र जे सांगेल त्यावर ती येतात किंवा येत नाहीत.

स्वतः व्यसनातून बाहेर पडून इतरांना मदत करणारे कार्यकर्ते माझ्या आदराचे आहेत. रात्री दोन वाजता फोन उचलणारे तेच असतात. तरी दारू सोडल्याचा अनुभव आणि तपासणीचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी सोबत द्यावी, धीर द्यावा. दाखल करायचं की नाही हे शिकलेल्या आणि नोंदणी असलेल्या माणसाने ठरवावं, आणि शंका आली तर त्यानेही 'मला कळत नाही' म्हणून पुढे पाठवावं. तेरा वर्षांपूर्वीच्या त्या तांब्यासमोर मी हे वाक्य म्हटलं असतं तर एवढंच पुरलं असतं.

माझी दुसरी विनंती आपल्या जाहिरात विभागाला आहे. व्यसनमुक्ती केंद्राची जाहिरात घेताना मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो जाहिरातीत छापा. नसेल तर जाहिरात घेऊ नका. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा पुड्यांच्या जाहिरातीही कृपया थांबवा. अशा पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि ते जेवणात कालवलं, वर माणूस प्यायला, तर त्याचा रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध पेशंटला सांगून आणि समजावूनच द्यायचं असतं. जिल्हा आरोग्य यंत्रणेलाही सांगणं आहे की, शहरातल्या आणि तालुक्यातल्या केंद्रांची नोंदणी, तिथे तपासणी कोण करतं आणि कोणत्या भाषेत करतं, हे एकदा दाराशी जाऊन बघावं.

सोबत त्या जाहिरातीचं कात्रण जोडलं आहे. मी वापरते त्या संमतीपत्रकाची मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू प्रतही जोडली आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवायचं आणि मग त्याच्या शब्दांत त्याच्याकडून परत ऐकायचं, असं पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. कुणा समुपदेशकाला किंवा केंद्राला ते हवं असेल तर आपल्या कार्यालयातून झेरॉक्स करून द्यावं, माझी परवानगी आहे.

आपली,
एक व्यसनमुक्ती समुपदेशक,
सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)